फिंटन दोनदा 'नको' म्हणाला, त्याची गोष्ट

फिंटननं विमा नको म्हटलं होतं. एकदा नाही, दोनदा. याबद्दल गावात कुणाचंच दुमत नव्हतं. वाद होता तो एवढाच, की त्याला विमा खरोखर नको होता का?

घराचं कर्ज देताना बँकेच्या मॅलकी गिल्डेनं त्याच्याबरोबर हप्त्यांचा विमाही लावून दिला होता. नोकरी गेली तर हप्ते विमा कंपनी भरणार, अशी ती पॉलिसी. पाच वर्षं पैसे गुपचूप कापले जात होते. बायकोनं, एथनानं, हप्ता जरा कमी करता येईल का म्हणून बँकेला फोन केला, तेव्हा तिला हे कळलं.

"तुला कामावरून कोण काढणार रे?" तिनं फोन ठेवून विचारलं.

"मला? कोण काढणार? गिलाव्याचा धंदा माझा, मालक मी, गडीही मीच."

"मग नोकरी गेल्यावरचा विमा कशाला घेतलास?"

"मी कुठे घेतला? मी नको म्हटलं की मॅलकीला!"

"मग?"

"मग त्यानं लावला."

एथनाच्या खांद्यावर सहा महिन्यांची ब्रोना झोपली होती. मानेच्या घडीत दुधाचा वास, मुठीत आईच्या केसांची एक बट. येत्या सोमवारपासून एथनाला पुन्हा मशरूमच्या शेडमध्ये कामावर जायचं होतं. तिथे अंधार, ओल, आणि पहाटेची पाळी. विम्याचे पैसे परत मिळाले तर सबंध उन्हाळा घरी काढता येणार होता. तिनं बट सोडवून घेतली नाही. दुसऱ्या हातानं डब्लिनच्या तक्रार कचेरीला फोन लावला.

गुरुवारी तिथून एक बाई आल्या. नाव मिस व्हिसर. मूळच्या हॉलंडच्या, उंच, सरळ, आणि प्रश्नही तसेच सरळ. स्वयंपाकघरात मॅलकी आधीच येऊन बसला होता. ज्याच्याविरुद्ध तक्रार तोच सगळ्यात आधी हजर, आणि तोही घरची पाव-लोण्याची बशी पुढ्यात ओढून. त्याला संकोच वाटायचं काही कारण नव्हतं. फिंटनला फुटबॉल त्यानंच शिकवला होता, फिंटनच्या वडिलांच्या शवपेटीला खांदाही त्यानंच दिला होता.

"चहा घेणार ना बाई?" फिंटनची आई डिंप्ना म्हणाली. कर्जाच्या कागदांवर सही झाली त्या दिवशीही ती अशीच शेगडीपाशी उभी होती, म्हणून तिलाही साक्षीला बोलावलं होतं.

"नको, धन्यवाद."

डिंप्नानं कप भरला.

"मिस्टर गिल्डे," बाईंनी वही उघडली, "ग्राहक नको म्हणाला होता, हे तुम्हाला मान्य आहे?"

"अगदी मान्य! दोनदा म्हणाला. मी विचारलं, 'फिंटन पोरा, विमा लावू ना?' तो म्हणाला, 'छे छे, नको.' मी म्हटलं, 'अरे असू दे.' तो म्हणाला, 'नको हो, कशाला उगाच.' तिसऱ्यांदा विचारलं, तर गप्प. मग लावला."

"नको म्हटल्यावर लावला?"

"बाई, दोनदा नको म्हणायचं असतंच. पहिल्या झटक्याला हो म्हणायला तो काय रानात वाढलाय?"

"मी गप्प होतो," फिंटन उसळला, "कारण मम्मीनं माझ्या तोंडात केक कोंबला होता!"

"कोंबला काय म्हणतोस? तू नको म्हणालास, म्हणून दिला," डिंप्ना म्हणाली. "बाई, घ्या की केक."

"नको. खरंच नको."

केकचा तुकडा बशीत आला. मोठा होता.

एथनानं घाईघाईनं विषय मार्गावर आणला. "मम्मी, तुम्हीच सांगा. त्याला विमा नको होता ना?"

डिंप्ना पेचात पडली. एकीकडे नातीचा उन्हाळा, दुसरीकडे मुलाचं वळण. "माझा मुलगा," ती शेवटी म्हणाली, "घरी आलेल्या माणसाला तोंडावर खरंखुरं नको म्हणेल, असं मी त्याला वाढवलेलं नाही."

"ऐकलंत?" मॅलकीनं गुडघ्यावर थाप मारली. फिंटननं कपाळाला हात लावला. एथनाच्या डोळ्यांपुढे मशरूमची शेड आली, ओळीनं लावलेल्या पांढऱ्या टोप्यांसकट.

"आणि बाई, लांब कशाला जायचं?" मॅलकी आता रंगात आला होता. "तुमचंच बघा की. तुम्ही चहा नको म्हणालात, हा तिसरा कप चाललाय. केक नको म्हणालात, बशी रिकामी. मग? डिंप्नानं तुम्हाला फसवलं म्हणायचं का?"

मिस व्हिसरनी शांतपणे कप खाली ठेवला.

"मला चहा नको होता," त्या म्हणाल्या. "पहिला नको होता, तिसराही नको होता. मला पित्ताचा त्रास आहे. मी घेतला, कारण या थांबेचनात आणि तुम्ही सगळे माझ्याकडे बघत होतात."

डिंप्ना हळूच खुर्चीवर बसली.

"म्हणजे... खरंच नको होता?"

"खरंच."

"देवा गं," डिंप्ना पुटपुटली. चाळीस वर्षांत घरी आलेले पाहुणे तिच्या डोळ्यांपुढून रांगेनं, पोट धरून गेले. "आणि आपला तो जुना पाद्री? सात सात सँडविच खायचा बिचारा." ती उठली आणि मॅलकीच्या पुढ्यातली बशी उचलून घेऊन गेली. मॅलकीचा हात हवेतच राहिला.

मिस व्हिसर लिहू लागल्या. "निर्णय साधा आहे. ग्राहकाला जिचा कधीच उपयोग होणार नाही, अशी पॉलिसी त्यानं नको म्हटल्यावरही लावली. ती त्याच्या गळ्यात मारली गेली. नको म्हणजे नको. सगळे पैसे व्याजासह परत मिळतील. मिस्टर फिंटन, तुम्ही ही रक्कम स्वीकारता?"

फिंटनचा चेहरा उजळला. तो कानापर्यंत लाल झाला, आणि जन्मभराच्या सवयीनं हात हलवत म्हणाला, "छे छे, नको हो. तुम्ही एवढ्या लांबून आलात, तेच खूप झालं."

"ठीक आहे," मिस व्हिसर म्हणाल्या आणि वहीत लिहिलं: नको.

"अहो, तसं नाही!" फिंटन ओरडला.

"तुम्ही नको म्हणालात. आत्ताच मी त्यावर निर्णय दिलाय."

"पण तुम्ही परत एकदा विचारायचं असतं!"

"का?"

मॅलकी छताकडे बघत होता, पण त्याच्या मिशा हसत होत्या.

"थांबा," एथना म्हणाली. ब्रोना आता जागी झाली होती आणि आईच्या हनुवटीवर आपले दोन नवे दात आजमावत होती. "कर्ज दोघांच्या नावावर आहे. मला विचारा."

बाईंनी वहीत पाहिलं. "बरोबर. मिसेस एथना, तुम्ही ही रक्कम स्वीकारता?"

सगळे सवयीनं पहिल्या नकाराची वाट बघत थांबले. डिंप्नानं तर 'अगं घे गं' म्हणायला तोंडही उघडलं.

"हो," एथना म्हणाली.

प्रार्थना चालू असताना कुणी शिट्टी वाजवावी, तसे सगळे तिच्याकडे वळले.

"एकदम?" फिंटन कुजबुजला.

"एकदम," एथना म्हणाली आणि बाईंच्या हातातून पेन घेऊन सही केली. सही थोडी वाकडी आली, कारण पेनाचं दुसरं टोक ब्रोनाच्या मुठीत होतं.

मिस व्हिसर गेल्या. मॅलकीही गेला. जाताना त्याला कुणी केक दिला नाही, आणि त्यानं मागितलाही नाही. मागायचा कसा असतो, हे त्याला माहीतच नव्हतं.

डिंप्ना मात्र टेबल पुसत घुटमळत राहिली. एकच जागा तिनं बराच वेळ पुसली.

"मग आता तू सोमवारपासून घरीच," ती फडक्याकडे बघत म्हणाली. "म्हणजे ब्रोनाला सांभाळायला मी यायची काही गरज नाही. मी आपली मोकळी होते, म्हणून विचारतेय. सकाळच्या वेळी यायचं का?"

एथनानं तिच्याकडे पाहिलं. उन्हाळाभर आपण दोघीच, बाळ आणि आपण, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. पण सकाळी मम्मी आल्या, तर त्यात एखादी तासाभराची गाढ झोपही बसत होती, म्हणा.

"नको मम्मी," ती म्हणाली, "तुम्हाला कशाला उगाच त्रास."

डिंप्नाच्या चेहऱ्यावर हळूहळू ऊन पडलं.

"हं, हे एकदा झालं," ती फडकं झटकत म्हणाली. "आणखी एकदा म्हण, म्हणजे सोमवारी येते."