बिजल्याच्या फासळ्या

कुणाला बाळसं धरवायचं असेल तर खुशाल माझ्याकडे पाठवा. कॉलनीच्या गणपतीत सुदृढ बालक स्पर्धा झाली, तेव्हा आमच्या मन्याला उचलून घ्यायला परीक्षकबाईंना दुसऱ्या बाईंची मदत लागली होती. गृहशास्त्र घेऊन बी. ए. झालेय मी, उगाच नाही!

त्यामुळे देवळ्याहून सासूबाईंनी पाय मोडलेला बिजल्या उपचारासाठी नाशिकला धाडला, तेव्हा मी निश्चिंत होते. बिजल्या म्हणजे आमच्या मळ्यावरचा राखणदार कुत्रा. रात्रभर कांदा साठवायच्या चाळीभोवती फेऱ्या मारायचा. चोरांचं सोडा, तलाठीसुद्धा बांधावरूनच हाक मारायचा.

आता त्याचा पाय प्लॅस्टरमध्ये आणि पळी माझ्या हातात! मन्याच्या खिमटीत बिजल्याचा वाटा. सकाळी नाचणीसत्त्व, दुपारी दूधपोळी, वर तूप. पाय जुळला तोवर बिजल्याची विंचूरच्या बाजारातली कांद्याची गोणी झाली होती. फाटकापासून ओट्यापर्यंत यायला मध्ये एकदा बसून घ्यायचा.

आणि सासूबाईंचा निरोप आला: आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की कुत्र्याला न्यायला येते. चाळ भरलीय. गेल्या साली शेजारच्या मळ्यातला निम्मा कांदा चोरांनी नेला, यंदा बिजल्याशिवाय डोळ्याला डोळा लागायचा नाही.

ह्यांना घेऊन जनावरांच्या डॉक्टरांकडे धावले. त्यांनी बिजल्याच्या छातीला नळी लावली आणि माझ्याकडे पाहिलं.

"कामाचा कुत्रा आहे, बाई. रोज पळवा, थोडं थोडं वाढवत. आधी धापा टाकेल. मग दम वाढेल, मांड्या भरतील, पोट आत जाईल, फासळ्या जरा दिसायला लागतील. तेव्हा घाबरू नका. आणि खाणं निम्मं."

मी मान हलवली. डॉक्टरांचं काय मनावर घ्यायचं? एकाने मन्यालाही 'वजन पुरे' म्हटलं होतं.

पळवायचं काम ह्यांच्याकडे आलं. हे कारकून. फायलीपेक्षा जड काही उचललेलं नाही. पहिल्या दिवशी गंगापूर रोडवरून दोघं परतले ते दोन्ही जिभा बाहेर काढून.

"मेलो," हे ओट्यावर आडवे होत म्हणाले.

"तुमचं राहू द्या. ह्याला घाम का येत नाहीये?"

"कुत्र्याला आपल्यासारखा घाम नसतो गं. धापा टाकूनच गार होतो तो."

"मग तुम्ही तरी जीभ आत घ्या. शेजारी बघताहेत."

हळूहळू जमलं. बिजल्या ओटा एका उडीत चढू लागला. मी खूश. पण एकदा अंघोळ घालताना माझ्या बोटाला फासळी लागली. एक नाही, ओळीनं! माझ्या हातचं खाऊन कुणाची फासळी दिसावी? शिवाय झोपेत त्याची छाती इतकी संथ हलायची, की मन्या तान्हा असताना त्याच्या नाकाशी धरायचे तो आरसा मी बिजल्याच्या नाकाशी धरला. आरसा धुरकट झाला, तेव्हा जिवात जीव आला. सासूबाई म्हणतील, शिकलेल्या सुनेनं कुत्रा उपाशी मारला!

मग गुपचूप तूप सुरू केलं. पण तूप काही आभाळातून पडत नाही. ह्यांच्या पोळीवरचं बिजल्याकडे वळवलं. ह्यांना सांगितलं, डबा संपलाय.

आठवडाभरातच फासळ्या पुन्हा झाकल्या. पळायला तर दोघं रोज जात होतेच. बिजल्या पहिल्याच वळणावर चहाच्या टपरीशी बैठक मारतो आणि हे एकटेच पुढे जाऊन येतात, हे मला फार उशिरा कळलं. "मजा यायला लागली होती गं," असं ह्यांचं म्हणणं.

आखाजी झाली. सासूबाई एसटीनं आल्या. दारात बिजल्या पसरला होता. त्यानं शेपूट हलवली. बाकीचा बिजल्या जागचा हलला नाही.

"हाऊ कुत्रा शे का जातं?" सासूबाईंनी अहिराणीत विचारलं. हा कुत्रा आहे की दळायचं जातं!

मी बिजल्याला ढकलून उभं करायला गेले.

"चाळ भरेल शे तिकडे. आता राखणीला कोन?"

एवढ्यात आईचा आवाज ऐकून हे गल्लीतून धावत आले, फाटक न उघडता वरून उडी मारली आणि आईची पेटी खांद्यावर घेतली. धाप नाही, काही नाही! सासूबाईंनी ह्यांच्या दंडाला हात लावला. मागे जाऊन पोटऱ्या पाहिल्या. बैलबाजारात पाहतात तसं.

"गोरख," त्या म्हणाल्या, "रजा कितली शे तुनी?"

सध्या हे देवळ्याला आहेत. रात्रभर चाळीभोवती फेऱ्या मारतात. कांदा सुखरूप आहे आणि तलाठी पुन्हा बांधावरूनच हाक मारतो म्हणे.

इथे बिजल्या ह्यांच्या आरामखुर्चीत असतो. मला मात्र काळजी, तिकडे ह्यांच्या फासळ्या दिसायला लागल्या असतील. तुपाचा डबा पाठवू का, म्हणून विचारलं. सासूबाईंचं उत्तर लगेच आलं:

"तूप धाडू नको. हाऊबी बिघडी जाई."