सात नंबरच्या पेशंटचं ऐकू नये

सात नंबरचा पेशंट आलाच नाही. विद्यापीठाच्या मागच्या अंगणात बाकीचे अकरा जखमी वेळेवर येऊन आडवे झाले होते. त्यांच्या हातापायांवरचं रक्त, म्हणजे साखरेच्या पाकात कालवलेला लाल रंग, वाळायला लागला होता आणि त्यावर माशाही जमल्या होत्या. पण सात नंबरची जखमी, नाट्यविभागातली एक मुलगी, घरूनच निघाली नव्हती. तिला सर्दी झाली होती.

"सर्दी!" मेजरबाई म्हणाल्या. "इथं बस उलटून बारा जण पडलेत आणि हिला सर्दी झालीय!"

"अकराच ठेवू या की," विभागप्रमुख म्हणाले.

"अपघात आपल्या सोयीनं माणसं कमी करत नाही, सर. धरा ही शिट्टी. मी झोपते."

विभागप्रमुखांनी शिट्टी घेतली. मेजरबाईंशी वाद घालण्यात अर्थ नसतो हे त्या इमारतीतल्या खुर्च्यांनाही माहीत होतं. बाई सकाळी शेजारच्या हॉस्पिटलात सर्जिकल वॉर्ड सांभाळायच्या, आठवड्यातल्या तीन दुपारी विद्यापीठात नर्सिंग शिकवायच्या, आणि तरुणपणी लष्करात काढलेल्या नऊ वर्षांनंतर अजूनही राखीव दलात होत्या. दरवर्षी तीन आठवडे त्या गणवेश चढवून छावणीतल्या इस्पितळावर जायच्या. त्यांचे यजमान छापखान्यात मुद्रितं तपासायचे. ते म्हणायचे, "ही हॉस्पिटलात लोकांना झोपवते, विद्यापीठात जागं ठेवते आणि छावणीत पळवते. घरी आली की यातलं काय करेल याचा नेम नाही."

यंदाची छावणी सोमवारपासून होती आणि त्याआधीची तब्येतीची तपासणी दुसऱ्या दिवशी सकाळी आठला. बाईंना धास्ती होती ती त्या तपासणीची. गेल्या दोन महिन्यांत त्यांना तीनदा घेरी आली होती. एकदा वॉर्डात, एकदा जिन्यात आणि एकदा स्वयंपाकघरात. वॉर्डात त्यांनी ऊन बाधलं म्हणून सांगितलं, घरी चप्पल सटकली म्हणून सांगितलं. स्वतःची नाडी त्या स्वतःच बघायच्या. पंधरा सेकंद मोजायची आणि चारानं गुणायचं. गुणाकार दरवेळी ठीक यायचा. पंचावन्नाव्या वर्षी एकदा का तपासणीत नापास झालं, की गणवेश कपाटात गेला तो गेलाच, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तीनपैकी कुठलंही एक काम सोडा असं कुणी म्हणालं, तर त्यांना ते तिसरा पाय कापण्याइतकं सोपं वाटायला हवं होतं. पण त्यांना तीन पाय असल्याची इतकी सवय झाली होती की दोनच पायांवर उभं राहायची भीती वाटायची.

असो. रंगवणाऱ्या मुलीनं बाईंच्या कपाळावर झकास जखम काढली, वर वाटीभर पाक ओतला आणि सात नंबरचं कार्ड त्यांच्या छातीवर टाचलं. कार्ड बाईंनीच आदल्या दिवशी लिहिलं होतं. छावणीत एकदा एका आचाऱ्याच्या डोक्यात पातेलं पडलं होतं आणि त्या भरात त्यानं खुद्द कमांडरची रजा नामंजूर केली होती. त्या आठवणीवरून त्यांनी हा पेशंट बेतला होता. कार्डावर होतं: 'डोक्याला मार. शुद्धीत, पण भ्रमिष्ट. स्वतःला लष्करातली अधिकारी समजते. हुकूम सोडते, आपल्याला काही झालेलं नाही म्हणते. तिचं ऐकू नये. तपासणी पूर्ण करावी.'

शिट्टी वाजली. परीक्षा अशी होती, की प्रत्येक विद्यार्थ्यानं आपल्या वाट्याच्या जखमीला तीस सेकंदांत तपासायचं, लाल, पिवळी किंवा हिरवी चिठ्ठी बांधायची आणि पुढच्याकडे जायचं. बाईंच्या वाट्याला आली गोगलगाय. वर्गानं ठेवलेलं हे नाव बाईंनाही पटायचं. पोरगी प्रामाणिक होती, पण चहाच्या कपात साखर विरघळेपर्यंत ढवळत बसणारी. याच परीक्षेत ती दोनदा नापास झाली होती आणि ही तिसरी, शेवटची संधी होती.

गोगलगाय शेजारी बसली. तिनं बाईंचं मनगट हातात घेतलं, घड्याळ समोर धरलं आणि मोजायला लागली. दहा सेकंद झाले. वीस झाले. तीस झाले.

"चिठ्ठी बांध आणि ऊठ," बाई ओठ न हलवता पुटपुटल्या.

पोरगी मोजतच होती. चाळीस. पन्नास.

"अगं, तिकडं तुझा आठ नंबर मेला असेल एव्हाना!"

"बोलू नका, मावशी," गोगलगाय म्हणाली. अभिनय चांगला करते, असं बाईंच्या मनात आलं. तेवढाच एक गुण. पूर्ण एक मिनिट झाल्यावर पोरीनं मनगट सोडलं, पुन्हा धरलं आणि आणखी एक मिनिट मोजलं. मग तिनं लाल चिठ्ठी बांधली, मानेला पट्टा लावला, कपाळापासून हनुवटीपर्यंत बँडेज गुंडाळलं आणि हॉस्पिटलातून उसने आणलेल्या दोन वॉर्डमामांना बोलावून त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं.

लाल चिठ्ठीचे जखमी उजवीकडच्या वर्गात न्यायचे होते. बाईंचं स्ट्रेचर फाटकातून डावीकडे वळलं.

"कुठं चाललात? वर्ग उजवीकडं आहे!" बाई बँडेजमधून ओरडल्या.

पुढच्या मामानं मान वळवली. "या तर कार्डात लिहिलंय तसंच बोलतायत गं."

"म्हणून तर," गोगलगाय म्हणाली, "जरा भराभर चला."

तिच्या तोंडून 'भराभर' हा शब्द बाईंनी पहिल्यांदाच ऐकला.

अपघात विभागाची सिस्टर महिन्यापूर्वीच बदलून आली होती आणि डॉक्टर तर चार दिवसांपूर्वी. मामा स्ट्रेचर ठेवून परत अंगणाकडे पळाले. त्यांच्यापुढे आलं ते असं: रक्तानं माखलेली प्रौढ बाई, लाल चिठ्ठी, छातीवर कार्ड. डॉक्टरनं कार्ड वाचलं आणि आवाज मऊ केला.

"आजी, मी डॉक्टर आहे. घाबरू नका हं."

"आजी कुणाला म्हणतोस? मी मेजर आहे!"

डॉक्टर आणि सिस्टर यांनी एकमेकांकडे पाहिलं. "हो, मेजरसाहेब," सिस्टर म्हणाली. "जरा हात सरळ ठेवा."

"ही रंगीत तालीम आहे. रक्त खोटं आहे. साखरेचा पाक आहे तो, चाखून बघा!"

डॉक्टरनं कागदावर लिहिलं, 'रक्त गोड लागतं म्हणते.'

"अरे, ते कार्ड मी लिहिलंय! माझं अक्षर आहे!"

"बरोबर," डॉक्टर म्हणाला. "अक्षर छान आहे."

"उद्या आठला माझी लष्करी तपासणी आहे. मला काहीही झालेलं नाही!"

हे शेवटचं वाक्य ऐकल्यावर सिस्टरनं पलंगाचा कठडा वर केला. बाईंना संताप आला आणि त्याच वेळी एक विचित्र शंकाही. गेली वीस वर्षं त्या हेच शिकवत होत्या: जो पेशंट 'मला काही झालं नाही' म्हणतो, त्याच्याकडे आधी बघा. नियम उत्तम होता. फक्त तो आडवं पडून ऐकायला कसा लागतो हे त्यांनी कधी तपासलं नव्हतं. खरं बोलत असताना आपलं कुणी ऐकू नये, म्हणजे काय होतं ते आज कळत होतं. वॉर्डातल्या किती जणांना आपण असं मऊ आवाजात 'हो हो' म्हटलं असेल, याचा त्या मनात हिशेब करू लागल्या.

"डोक्याचा फोटो काढू या," डॉक्टर म्हणाला.

तेव्हा कोपऱ्यात उभी असलेली गोगलगाय पुढे आली. "डोक्याचं... म्हणजे, डोक्याचं खोटंच आहे, डॉक्टर. पण मी आणलंय ते... त्याच्यासाठी नाही आणलं."

"मग कशासाठी?"

पोरगी शब्द शोधत राहिली. तोवर सिस्टरनं बँडेज सोडून ओल्या कापडानं कपाळ पुसलं होतं. जखम कापडावर निघून आली. खाली स्वच्छ, धडधाकट आणि अत्यंत रागावलेलं कपाळ होतं. दारातून डोकावणारी एक जुनी नर्स किंचाळली, "अगं बाई! या तर आपल्या मेजर मॅडम!"

डॉक्टरचा चेहरा पांढराफटक पडला. बाई विजयी मुद्रेनं उठून बसल्या. "बघितलंत? काढा तो कठडा. आणि तू," त्या गोगलगायीकडे वळल्या, "परीक्षेतला पेशंट खऱ्या इस्पितळात आणून टाकतेस? इथल्या खऱ्या पेशंटांचा वेळ गेला याची शुद्ध आहे?"

"नाडी," गोगलगाय म्हणाली. एवढा एकच शब्द तिला सापडला होता. "त्यांची नाडी बघा. पूर्ण मिनिटभर."

"पेशंट ठीक आहे!" बाई म्हणाल्या.

पण डॉक्टरनं, बहुधा दुसरं काय करावं हे न सुचल्यामुळे, ईसीजीच्या वायरी उचलल्या. यंत्रातून कागदाची पट्टी सरकायला लागली. बाईंनी ती उलटी, डॉक्टरच्या हातातच वाचली. पस्तीस वर्षांत अशा शेकडो पट्ट्या त्यांनी वाचल्या होत्या. ठोके जवळ येत होते, लांब जात होते, त्यात काही ताळतंत्र नव्हतं. दुसऱ्या कुणाची पट्टी असती तर त्या दोन सेकंदांत बोलल्या असत्या.

"हे कधीपासून आहे, मॅडम?" डॉक्टरनं विचारलं. आवाज आता मऊ नव्हता, सरळ होता.

बाईंनी तोंड उघडलं. आत तयार होतं तेच वाक्य, कार्डावरचं. त्यांनी तोंड मिटलं.

"गेल्या मंगळवारी जिन्यात तुम्ही कठडा धरून उभ्या होतात," गोगलगाय हळूहळू म्हणाली. "मी नाडी बघू का विचारलं, तर तुम्ही म्हणालात, आधी स्वतःचा अभ्यास बघ. आज तुम्ही पेशंट होतात. नाडी बघायला पेशंटला हात द्यावाच लागतो."

"मग अंगणातच का नाही बोललीस?"

"बोलले असते तर तुम्ही म्हणाला असतात, तास संपल्यावर भेट."

गोगलगाय अन् पोटात पाय, असं बाईंच्या मनात आलं. पोरीनं कार्डाचा आधार घेऊन त्यांनाच उचलून आणलं होतं, आणि पंधरा सेकंद मोजून आणि चारानं गुणून जे ठोके त्यांनी दोन महिने लपवले होते, ते एकामागून एक मोजले होते. लपवलं कुणापासून? तर छावणीतल्या तंबूत ज्या पोरांची आयुष्यं त्यांच्या हातात असणार होती त्यांच्यापासून. एखादं जखमी पोरगं समोर असताना त्यांनाच घेरी आली असती तर? दुसऱ्या कुठल्या नर्सनं हे केलं असतं तर त्यांनी तिला दारातूनच परत पाठवलं असतं. बाईंना फार लाज वाटली.

डॉक्टर सांगत होता, की आज जिवाला धोका नाही, औषधानं आटोक्यात येईल. पण दुर्लक्ष झालं तर रक्ताची गुठळी होते आणि ती मेंदूत जाते. आज इथून हलायचं नाही, छावणीचं तर नावही काढायचं नाही. बाईंना हे सगळं पाठ होतं. तरी त्यांनी नव्या पेशंटासारखं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

तेवढ्यात यजमान धापा टाकत आले. वॉर्डमामानं त्यांना फोन करून 'मॅडमच्या डोक्याला मार लागलाय' एवढंच सांगितलं होतं, कारण कार्डावर तसं होतं. बायकोच्या गळ्यावरून ओघळलेला लाल पाक पाहून त्यांनी खुर्चीचा आधार घेतला.

"अहो, बसा. हे रक्त खोटं आहे," बाई म्हणाल्या. "बाकीचं खरं आहे."

"बाकीचं म्हणजे?"

बाईंनी सांगितलं. घेरीचं, चपलेचं, गुणाकाराचं, सगळं. यजमान बराच वेळ पट्टीकडे बघत राहिले, जणू तिच्यात कुठं छपाईची चूक सापडेल.

"तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधतोय मी," ते म्हणाले. "घरातली एक दिसली नाही. अगं, मला तरी सांगायचंस."

"भीती वाटत होती."

"कशाची? मरणाची?"

"छे. घरी बसायची."

यजमानांनी रुमाल काढला आणि तिच्या गळ्यावरचा पाक पुसायला लागले. तो चिकट होता, लवकर निघेना. पण ते पुसत राहिले.

दाराशी गोगलगाय अजून उभी होती. "मॅडम, मी नापास ना?"

"अर्थात," बाई म्हणाल्या. "तीस सेकंदांची परीक्षा होती. तू अडीच मिनिटं घेतलीस, पुढचे तीन जखमी सोडलेस आणि एक पेशंट पळवून आणलास. शून्य."

"हो," पोरगी म्हणाली. तिला ते न्याय्यच वाटलं.

"मी विभागप्रमुखांशी बोलून तुला चौथी संधी मागते. तोवर इथं ये. तासातासाला नाडी घ्यायला सांगितलीय, ती तू घे. इथली माणसं घाईत असतात."

गोगलगाय शेजारी बसली आणि तिनं मनगट हातात घेतलं. बाईंनी दुसऱ्या हातानं फोन घेऊन लष्करी कार्यालयाला लावला. फोन कारकुनानं उचलला. बाईंनी आपला क्रमांक सांगितला, हुद्दा सांगितला, आणि उद्याच्या तपासणीला आपण येत नाही, राखीव दलातून आपलं नाव काढायचा अर्ज पाठवतो, असं एका दमात सांगून टाकलं. दम घेतला असता तर कदाचित सांगणं झालं नसतं.

"कारण, मॅडम?"

"हृदयाचे ठोके अनियमित."

"हे कुणी शोधलं? नोंद करावी लागते. डॉक्टर?"

"डॉक्टरनं नंतर पट्टी काढली. शोधलं दुसऱ्या कुणीतरी."

"त्यांचं पद काय लिहू?"

बाईंनी शेजारी पाहिलं. तीनदा नापास झालेली पोरगी ओठ घट्ट मिटून, कपाळाला आठ्या घालून बसली होती.

"लिहा, परिचारिका," मेजरबाई म्हणाल्या.

पोरीनं ते ऐकलं नाही. तिचं सगळं लक्ष घड्याळाकडे होतं आणि मिनिट पूर्ण व्हायला अजून वीस सेकंद बाकी होते.