टोनोपंतांचा हम

नवा अँप्लिफायर घरात आला तेव्हा टोनोपंतांची बायको स्वयंपाकघरात लॅपटॉपसमोर बसून कॉमर्सच्या मुलांना घसारा शिकवत होती. "घसारा म्हणजे, वस्तू वापरून वापरून तिची किंमत दरवर्षी कमी होत जाते," ती सांगत होती. तेवढ्यात तिच्या खुर्चीमागून दोन हमाल एक भलामोठा खोका घेऊन आडवे गेले. तिने मान न वळवता पुढचं वाक्य जोडलं, "आणि काही वस्तूंची न वापरताच होते."

टोनोपंत हे नाव मेव्हण्याने ठेवलं होतं आणि ते इतकं चपखल बसलं की खरं नाव फक्त वीजबिलावर उरलं. टोनोपंत विमा कंपनीत लोकांचे दावे तपासायचे. समोरचा माणूस पाय मोडला म्हणाला तर त्याला पाय होता याचा पुरावा मागायचे. मात्र संध्याकाळी ऑफिसमधून सुटून गिटारच्या दुकानात शिरले, की हाच माणूस दुकानदार सांगेल त्यावर लहान मुलासारखा विश्वास ठेवायचा. ही लाकडं जुनी आहेत, हो का. ही वायर आवाज गोड करते, अरे वा.

वाजवण्याचं म्हणाल तर त्यांना एक गाणं येत होतं. दुसरं शिकायला वेळ कुठे होता? सगळा वेळ टोन शोधण्यात जायचा. "मला असा टोन हवाय," ते डोळे अर्धवट मिटून सांगायचे, "गोल, उबदार, किंचित खरखरीत. जणू माणूसच गातोय." यावर मेव्हण्याने एकदा विचारलं होतं, "भाऊजी, मग माणसालाच का नाही गायला सांगत?" त्या दिवसापासून त्याला त्यांच्या खोलीत प्रवेश बंद झाला.

ही खोली हाच त्या घरातला खरा तंटा होता. फ्लॅट घेताना ती बायकोच्या क्लाससाठी म्हणून ठरली होती. तिला चांगली खिडकी होती, भिंतीला फळा लागेल अशी जागा होती आणि मुख्य म्हणजे दार होतं. क्लासचं सामान यायच्या आधी तिथे एक गिटार आली, "तात्पुरती." मग तिच्या सोबतीला दुसरी आली. मग अँप्लिफायर आला, त्याच्यावर दुसरा चढला आणि जमिनीवर पेडलांची रांग लागली. प्रत्येक पेडल म्हणजे पायाने दाबायची एक लोखंडी डबी, आणि प्रत्येक डबी गिटारचा आवाज बदलण्यासाठी. खोलीत शिरताना चपला काढाव्यात की त्या रांगेतल्याच दोन घालाव्यात हे पाहुण्यांना कळत नसे. बायको कुकरच्या शिट्ट्यांमध्ये नफातोटा पत्रक शिकवत राहिली.

"माझ्या आईच्या शिलाई मशीनला एकच पेडल होतं," ती म्हणायची. "त्यावर तिने घरभराचे कपडे शिवले. तुझ्या एवढ्या पेडलांवर एक गाणं होत नाही."

"होईल. हा हम एकदा गेला की होईल."

हम ही टोनोपंतांच्या आयुष्यातली मोठी पीडा होती. विजेच्या गिटारमधून येणाऱ्या बारीक गुरगुरीला वादक मंडळी हम म्हणतात. टोनोपंतांचा हम जरा वेगळा होता. ते वाजवायला लागले, डोळे मिटले, रंगात आले, की पाठीमागून 'हूंऽऽ' सुरू व्हायचा. थांबले की तोही थांबायचा. दुकानात मात्र तो कधीच यायचा नाही, कारण तिथे त्यांचे डोळे किमतीच्या चिठ्ठीवर खिळलेले असायचे.

लांब केसांची शेपटी बांधलेल्या दुकानदाराला हा आजार फार आवडला.

"साहेब, गिटारच्या पिकअपचा दोष आहे," तो पहिल्यांदा म्हणाला. पिकअप म्हणजे तारांखालचं चुंबक. टोनोपंतांनी दुसऱ्या चुंबकाची गिटार घेतली. हम राहिला.

"मग केबल असणार." केबल बदलली. हम राहिला.

"मग साहेब, स्पष्टच बोलतो. तुमची गिटार आता अँपच्या पुढे निघून गेलीय." हे ऐकून टोनोपंतांची छाती फुगली. त्याच फुगलेल्या छातीने त्यांनी घसाऱ्याच्या तासाला आलेला तो अँप्लिफायर घेतला. हम नुसता राहिला नाही, आणखी खुलला.

त्या रात्री जेवणं झाल्यावर टोनोपंत खोलीत वाजवत बसले होते. बायको दारात उभी राहून बराच वेळ ऐकत होती. गाणं संपल्यावर ती म्हणाली, "अरे, तो आवाज गिटारमधून येत नाही. तुझ्यातून येतो."

टोनोपंत गहिवरले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिला संगीतातलं इतकं कळतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. "अगदी बरोबर. मोठमोठे वादक हेच सांगतात. टोन शेवटी वाजवणाऱ्यात असतो."

"टोन नाही रे. तुझा तो हम. तो हम नाहीच, तुम आहे."

"यमक चांगलं आहे," टोनोपंत म्हणाले आणि पेडलवरचं एक बटण केसभर फिरवून पुन्हा डोळे मिटले. 'हूंऽऽ' सुरू झाला. एकदा सांगून नवऱ्याला कळलं नाही ते दुसऱ्यांदा सांगायचं नाही, असा बायकोचा नियम होता. त्यामुळे तिच्या आयुष्यातला पुष्कळ वेळ वाचला होता. ती झोपायला गेली.

पुढच्या खेपेला दुकानदाराने काचेच्या कपाटातून एक काळी डबी काढली आणि दोन्ही हातांवर ठेवून समोर धरली. "नॉईज गेट," तो हळू आवाजात म्हणाला. "साहेब, यापुढे इलाज नाही."

"गेट?" घरी बायको म्हणाली. "आपण तिसऱ्या मजल्यावर राहतो. लावणार कुठे?"

"तसलं गेट नाही. यावर एक पातळी ठरवायची. त्याखालचा आवाज हे अडवतं. फालतू गुरगुर बाहेर, खरं संगीत आत."

"म्हणजे दार."

"दार नव्हे, गेट."

"त्या खोलीला आहे की एक. घराबरोबर आलेलं. ते लावलं की फालतू आवाज बाहेर, मला एवढंच हवंय." तिने हातातलं पेन ओट्यावर ठेवलं. "हे बघ. रविवारी बाबांचा वाढदिवस आहे. सगळे असतील. सगळ्यांसमोर गिटार वाजवून दाखव, एक गाणं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. वाजली, तर खोली कायमची तुझी, मी परत तोंड उघडणार नाही. नाही वाजली, तर हा सगळा पसारा माळ्यावर आणि सोमवारपासून माझा क्लास तिथे."

"हे तू कुठल्या टोनमध्ये बोलतेयस?"

"गोल आणि उबदार," बायको म्हणाली.

टोनोपंतांनी पैज घेतली. शनिवारभर ते गेटचं बटण थोडं थोडं फिरवत बसले. अर्ध्यावर आणलं, हम होताच. त्याच्याही थोडं पुढे नेलं, तरी होताच. एवढी महागडी डबीही हरतेय म्हटल्यावर त्यांना हमाबद्दल आदर वाटू लागला. खोली गेली तर गिटार माळ्यावर, आणि आपण कुठे? दिवाणखान्यात, टीव्हीसमोर, चारचौघांसारखे. ही कल्पना त्यांना सहन होईना.

सासरे निवृत्त न्यायाधीश होते. त्यांच्या दिवाणखान्यात रविवारी पाहुणे दाटीवाटीने बसले होते. भाषणांसाठी मेव्हण्याने माइक आणि दोन स्पीकर आणले होते. टोनोपंतांनी गिटार गळ्यात अडकवली, घरून आणलेला अँप आणि पेडलं मांडली आणि माइक आपल्या तोंडासमोर ओढून आधी भाषण केलं. गिटारचं लाकूड कोणतं, चुंबक कोणतं, हा अँप रात्रभर बंद ठेवल्यावर का रुसतो. बायकोच्या मावशीने केक संपवला, दुसरा तुकडा घेतला, तोही संपवला.

"जावईबापू," सासरे म्हणाले, "साक्षीदारांची यादी संपली असेल तर खटला चालू करा."

टोनोपंतांनी घसा साफ केला. शेवटच्या क्षणी त्यांच्या मनात आलं की उगाच धोका नको. ते वाकले आणि गेटचं बटण पार शेवटपर्यंत फिरवलं. मग डोळे मिटले आणि सुरुवात केली. वाजवण्यात ते मुळात भिडस्त होते, तारेला लागेल की काय अशा बेताने वाजवायचे.

आणि मग स्पीकरमधून तो आला. टोन. गोल, उबदार, किंचित खरखरीत, जणू माणूसच गातोय. टोनोपंतांच्या अंगावर काटा आला. हम कुठल्या कुठे पळाला होता आणि इतकी वर्षं ज्याच्या मागे धावलो तो टोन खोलीभर पसरला होता. त्यांच्या मिटल्या डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या. खोली वाचली, दुकानदार देवमाणूस निघाला, आणि बायकोला आता काय वाटत असेल, या विचारात त्यांनी शेवटचं कडवं दोनदा वाजवलं.

टाळ्या पडल्या, आणि त्या तोंडदेखल्या नव्हत्या. मावशीने तर ताटली खाली ठेवून वाजवल्या.

"वा, जावईबापू," सासरे म्हणाले. "गळा चांगला आहे हो तुमचा. इतकी वर्षं बोलला नाहीत."

"गळा?" टोनोपंत हसले. "बाबा, हा या गेटचा..."

"नुसतं गुणगुणलात, पण काय गोड," मावशी म्हणाली. "ती फळी गळ्यात कशाला घेतली होती? शोभेला का?"

टोनोपंतांनी बायकोकडे बघितलं. तिने छताकडे बघितलं. तेव्हा मेव्हणा फोन घेऊन पुढे आला. त्याने सगळं रेकॉर्ड केलं होतं. फोनमधून आधी भाषण आलं, मग तारांवर नख घासल्यासारखी टिकटिक आली आणि तिच्यावर, माइकमधून दणदणीत, टोनोपंतांचं स्वतःचं 'हूंऽऽ'. गिटारचं अवाक्षरही नव्हतं.

"अँप बिघडला," टोनोपंत म्हणाले. त्यांचा आवाज गोल नव्हता आणि उबदारही नव्हता.

मेव्हण्याने वाकून गेटचं बटण उलटं फिरवलं आणि एका बोटाने तार छेडली. अँप असा गरजला की कपबश्या खणखणल्या. "अँप ठणठणीत आहे, भाऊजी. गेट तुम्ही इतकं घट्ट लावलंत, की त्याने तुमच्या वाजवण्यालाच फालतू गुरगुर धरलं."

टोनोपंतांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. चुंबकं, केबल, तो कपाटाएवढा अँप, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलं. एवढ्या सगळ्या वस्तू त्यांनी स्वतःच्याच घशासाठी बदलल्या होत्या. विमा कंपनीत असला दावा आला असता तर ते पोट धरून हसले असते.

तरी त्यांनी एक शेवटची धडपड केली. "पण गाणं झालं ना? पहिल्यापासून शेवटपर्यंत. लोकांना आवडलं. म्हणजे पैज..."

बायकोने वडिलांना पैजेचे शब्द सांगितले, जसेच्या तसे. सासऱ्यांनी चष्मा पुसला. "गाणं झालं, त्याबद्दल वाद नाही," ते म्हणाले. "पण अट गिटार वाजण्याची होती. गिटार हजर होती, तिला पूर्ण संधी दिली गेली, तिने जबाब दिला नाही. खोली मुलीकडे. केक संपला का?"

सोमवारी पसारा माळ्यावर चढला. जे मावलं नाही ते पलंगाखाली गेलं आणि एक पेडल दिवाणखान्याच्या दाराला टेकू म्हणून लागलं. तिथे ते पहिल्यांदा कोणाच्या तरी उपयोगी पडलं.

खोलीत फळा लागला. संध्याकाळी बायकोने लॅपटॉप उघडला आणि इतक्या वर्षांत प्रथमच पाठ ताठ करून खुर्चीत बसली. बाहेर स्वयंपाकघरात टोनोपंत तिच्या जुन्या जागेवर बसले होते. कालच्या टाळ्या त्यांच्या डोक्यातून जात नव्हत्या. गिटारशी आपण उगाच वर्षं घालवली, हे त्यांना एका रात्रीत पटलं होतं. आपलं खरं वाद्य गळा. आता प्रश्न एवढाच होता की त्याला शोभेल असा माइक कोणता. दुकानदाराने पाठवलेले फोटो ते एकेक करून बघत होते. एक उबदार होता, पण गोल नव्हता. दुसरा गोल होता, पण त्याला वेगळी केबल लागायची. बघता बघता ते रंगात आले आणि त्यांचे डोळे मिटले.

"मॅम," लॅपटॉपमधून एक मुलगी म्हणाली, "मागून कसलातरी हूंऽऽ असा आवाज येतोय. तुमचा माइक खराब आहे का? बदलायला लागेल."

"काही बदलायला लागत नाही," बायको म्हणाली. ती उठली, दार लावलं आणि परत येऊन बसली. "आता?"

"आता गेला, मॅम."

"हं. मग घसाऱ्याचं पान उघडा."