साठेकाकांचा ज्वालामुखी

यंदाच्या गणेश चतुर्थीला सकाळी, शारजातल्या अल मजाजमध्ये, माझे शेजारी साठेकाका यांनी घरी आलेल्या पहिल्याच पाहुण्याला जोडलेले हात खाली घ्यायला लावले.

"नमस्कार गणपतीला करा. त्या डोंगराला नको. तो कैलास नाही, ज्वालामुखी आहे."

ही चूक दरवर्षी कोणीतरी करतो. मूर्तीमागे पांढरा डोंगर दिसला की हात आपोआप जुळतात. काकांचा डोंगर अंटार्क्टिकातला आहे. त्यावरचा बर्फ एसीच्या डक्टला लावायच्या फोमचा. काका त्याच धंद्यात आहेत. फोमच्या थरांमधले काळे पट्टे उदबत्तीच्या राखेचे. राख वर्षभर साठवतात.

"उद्रेक झाला, राख पडली. तिच्यावर बर्फ. पुन्हा राख, पुन्हा बर्फ. कापून बघितलं की जुने सगळे उद्रेक दिसतात." मग "वर बर्फ, आत आग" म्हणत ते बटण दाबतात आणि शिखरात लाल दिवा लागतो. मुलं "वॉव, अंकल" म्हणून मोदकांकडे वळतात.

काका तिकडे कधी गेलेले नाहीत. लिफ्टमध्ये भेटले की विचारायच्या आत ज्वालामुखीची बातमी देतात, "तूर्त शांत." त्यांची स्वतःची तब्येत विचारली तरी उत्तर तेच.

मुलगी मुक्ता लहानपणी त्यांना राख चाळून द्यायची. ती भूगर्भशास्त्रज्ञ झाली. यंदा तिकडचा हिवाळाभर ती त्याच डोंगराच्या पायथ्याशी, संशोधन केंद्रात आहे. घरात काका एकटेच असतात. आरतीच्या वेळी ती फोन करणार होती.

"काका, यल्ला, चला लवकर, मला शिफ्ट आहे," खालच्या मजल्यावरचा देसाई म्हणाला.

"पाच मिनिटं. तिकडे वादळ असेल."

काही वेळाने पुन्हा पाच मिनिटं. शेवटी आरती झाली. फोन आला नाही.

देसाईच्या मुलीने बटण दाबलं. "अंकल, इट्स नॉट वर्किंग."

"दिवा काढून ठेवलाय," काका म्हणाले.

"का हो?" देसाईने विचारलं. "तीच तर गंमत असते."

"यंदा मुक्ता आहे तिथे."

दुसऱ्या दिवशी बाल्कनीत, बादलीत विसर्जन झालं. संध्याकाळी मी प्रसादाचं ताट परत द्यायला गेलो, तेव्हा काकांच्या हातात फोन होता.

"काही कळलं?"

"तूर्त शांत."

आरास उतरवलेली होती. डोंगर टेबलावर होता. शिखरातल्या भोकात काकांनी वातींचा कापूस भरला होता.