भिंतीवरचा तिसरा हात

"आता शेवटचं विचारतो, साहेब," रंगारी म्हणाला, "कोणता?"

घराच्या दर्शनी भिंतीवर त्याने वीतभर रुंदीचे नऊ चौकोन नऊ रंगांत रंगवून ठेवले होते, प्रत्येकाखाली कोळशाने नंबर घातला होता आणि उत्तराची अकरा दिवस वाट पाहिली होती. उंबऱ्याच्या डाव्या अंगाला साहेबांची आई उभी होती, उजव्या अंगाला बायको. मधोमध, दोन्ही खांद्यांवर एकेक नजर पेलत, खुद्द साहेब. साहेब हे संबोधन रंगाऱ्यापुरतेच. कचेरीत त्यांना कारकून म्हणत, आणि ते अधिक अचूक होते.

आई निवृत्त शिक्षिका. तिला चार नंबरचा पिवळा हवा होता, म्हणून सात नंबरच्या निळ्याखाली तिने खडूने, शाळेतल्या वळणदार अक्षरात, 'नापास' असे लिहून ठेवले होते. बायको पुढच्या खोलीत शिवणकाम करी. तिला सात नंबर हवा होता, म्हणून तिने चार नंबरवर कापड बेतायच्या खडूने एका झटक्यात फुली मारून बाजूला 'हे काढा' असे लिहिले होते. या मजकुरांविषयी घरात कुणी चकार शब्द काढीत नसे. सासू-सून एकमेकींशी कमालीच्या गोड बोलत. उरलेले सगळे भिंतीवर होते.

कारकुनाने दस्तनोंदणीच्या कचेरीत बावीस वर्षे काढली होती आणि तेवढ्या काळात एकच विद्या आत्मसात केली होती: कुठल्याही अर्जदाराला नाही म्हणायचे नाही. एकाच जमिनीवर हक्क सांगणारे दोन भाऊ आले, तर दोघांनाही वेगवेगळे बाजूला घ्यायचे, 'तुमचं काम झालं म्हणून समजा' असे सांगायचे, आणि त्यांच्यातला एक दमेपर्यंत किंवा मरेपर्यंत थांबायचे. ही विद्या त्याने घरी आणली. आईला चार नंबरसमोर नेऊन त्याने लाल पेन्सिलीने बारीकशी बरोबरची खूण केली. "झालं. पक्कं." त्याच दिवशी दिवेलागणीला बायकोला सात नंबरसमोर नेऊन तीच खूण, तीच पेन्सिल, तेच दोन शब्द. दुसऱ्या चौकोनावरची खूण कुणाची, असे आईने विचारले तेव्हा तो म्हणाला, रंगाऱ्याची. बायकोने विचारले तेव्हाही रंगाऱ्याचीच.

आणि आता रंगारी, त्या दोघींच्या देखत, नंबर मागत होता.

"साहेब, आज सांगितलं नाहीत तर मी उद्या दुसरं काम धरतो."

"सांग की रे," आई म्हणाली. "ठरलंय ना आपलं?"

"सांगा की हो," बायको म्हणाली. "ठरलंच आहे."

त्या दोघी एकमेकींकडे पाहून प्रेमळ हसल्या. कारकुनाने तोंड उघडले आणि त्यातून काय बाहेर पडणार हे त्यालाही ठाऊक नव्हते. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी वीस-पंचवीस माणसांचा घोळका वळला.

दर शनिवारी शहरातली भित्तिचित्रे हिंडवून दाखवणारी ती सहल होती. पुढे कलासमीक्षेचे एक प्राध्यापक, कमरेला छोटा ध्वनिवर्धक बांधलेले. ज्या रस्त्यावरची चित्रे दाखवायची तो महापालिकेने सकाळीच खणून ठेवला होता, म्हणून प्राध्यापक अर्धा तास मंडळींना आडवाटांनी नेत होते आणि त्या अर्ध्या तासात साध्या भिंतींखेरीज काहीही दिसलेले नव्हते. तिकीट काढून आलेल्या माणसांना साध्या भिंती फार वेळ दाखवता येत नाहीत. नऊ रंगीत चौकोन दिसताच प्राध्यापकांनी हात वर केला.

"थांबा. कुणी बोलू नका."

मंडळींनी मोबाइल वर धरले.

"हे पाहा. रंग आहे, पण चित्र नाही. कलावंताने चित्र नाकारलं आहे."

"आणि हे आकडे?" गळ्यात तीन माळा घातलेल्या एका बाईंनी विचारले.

"माणसाला आकडा करून टाकणाऱ्या व्यवस्थेवरचं भाष्य."

"अहो, ते आकडे तर माझे..." रंगारी म्हणाला, आणि कारकुनाने त्याच्या पायावर पाय दिला.

"तुमचे काय?" प्राध्यापकांनी विचारले.

"माझे पाय," रंगारी कळवळून म्हणाला.

"'नापास'!" माळावाल्या बाई वाचून जवळजवळ रडवेल्या झाल्या. "किती क्रूर! ही आपली शिक्षणपद्धती."

चौतीस वर्षे मुले शिकवलेल्या आईने हे ऐकले आणि ओठ घट्ट मिटले. तो शब्द आपण सुनेच्या आवडीखाली लिहिला, हे पंचवीस परक्यांसमोर कबूल करणे तिला शक्य नव्हते, कारण या घरात भांडण नव्हतेच. फुलीचे कौतुक सुरू झाले तेव्हा त्याच कारणासाठी सूनही गप्प राहिली. खोटेपणा टिकवायला असा घरंदाजपणा लागतो.

"हे कुणाचं काम?" प्राध्यापकांनी घरमालकाकडे वळून विचारले.

"ते सांगता यायचं नाही," कारकून म्हणाला. बावीस वर्षांत त्याने इतके खरे वाक्य क्वचितच उच्चारले असेल.

"अनामिक," प्राध्यापक पुटपुटले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

एका तरुणाने वळून समोरच्या भिंतीकडे बोट दाखवले. तिच्यावर कुणीतरी कोळशाने, ठळक नेटक्या अक्षरांत, 'सहा दिवस नळाला पाणी नाही' असे लिहिले होते. "सर, आणि हे?"

"ती तक्रार आहे," प्राध्यापक म्हणाले. "तीत संदिग्धता नाही."

रंगाऱ्याला आत नेऊन, चहा पाजून, 'पंधरा दिवसांनी ये' असे सांगून कारकुनाने त्याची बोळवण केली. तीन दिवसांत प्राध्यापकांचा लेख छापून आला. पाचव्या दिवशी महापालिकेची माणसे आली. त्यांनी भिंतीवर 'संरक्षित भित्तिकला. स्पर्श करू नये.' अशी पाटी ठोकली आणि पुढील आदेशापर्यंत रंगकाम करण्यास मनाई केल्याचा कागद दिला. कारकुनाने तो कागद उभ्या आयुष्यात कुठलाच कागद वाचला नव्हता इतक्या प्रेमाने वाचला. पुढील आदेश म्हणजे काय आणि तो किती पुढे असतो, हे त्याच्याइतके कुणाला माहीत असणार?

"पण मनाई उठली की पिवळाच ना?" आईने स्वयंपाकघरात हळूच विचारले.

"पिवळाच. दुसरा कुठला?"

"मनाई उठली की निळा," बायको पुढच्या खोलीत म्हणाली. तिच्या तोंडात टाचण्या होत्या, म्हणून त्याचा प्रश्न झाला नाही.

"निळाच. काय करणार, सरकारी काम!"

तो सुखाचा आठवडा होता. मग गर्दी वाढली. ब्लाउज न्यायला येणाऱ्या बायकांना दारापर्यंत पोचता येईना, कारण दारासमोर लोक मागे सरकून, मान वाकडी करून, एक डोळा मिटून उभे असत. एकीला चार जणांनी 'बाई, जरा बाजूला, तुम्ही मांडणीत येताय' असे बजावले. ती रागाने दुसऱ्या शिंपिणीकडे गेली. आईने वाळत घातलेला परकर त्या मांडणीत धरला गेला आणि तो काढू नये अशी विनंती झाली.

"काढू नये म्हणजे?" आई कडाडली. "मी नेसू काय?"

"आजी, तो तिथे फार बोलतो."

"मग त्यालाच विचारा, मला कशाला विचारता?"

समोरची भिंत मात्र छायाचित्रांत येऊन घाण करत होती. महापालिकेने तत्परता दाखवली. 'सहा दिवस नळाला पाणी नाही' हे वाक्य धुऊन काढण्यासाठी पाण्याचा टँकर आला. त्या महिन्यात त्या गल्लीत आलेला तो पहिला टँकर. दोन माणसांनी पाऊण तास नळी धरून भिंत लख्ख केली, आणि गटाराकडे धावणाऱ्या पाण्याखाली बादल्या धरणाऱ्या शेजाऱ्यांना वारसास्थळाजवळ गर्दी न करण्याची समज देण्यात आली.

त्या सहलीनंतरच्या तिसऱ्या शनिवारी प्राध्यापकांनी भिंतीसमोरच जाहीर व्याख्यान ठेवले. गल्लीत खुर्च्या आल्या. घरमालक म्हणून कारकुनाला पहिल्या रांगेत बसवले. आई आणि बायको दोन्ही बाजूंना. कारकून अगदी निर्धास्त होता. या माणसाला कशातलेही काही कळत नाही, याची त्याला मनोमन खात्री पटली होती. ती नव्वद टक्के बरोबर होती.

"या भिंतीवर तीन हात आहेत," प्राध्यापकांनी सुरुवात केली. गेले आठ दिवस ते भिंग घेऊन रोज येत होते. "पहिला हात फळ्यावर लिहिणाऱ्याचा. अक्षर वळणदार, रेघ सरळ, निवाडा कठोर."

आई खुर्चीत ताठ बसली.

"दुसरा हात कापायची सवय असलेला. ही फुली पाहा. कुठेही थरथर नाही. हे दोन हात लढताहेत, उघडपणे लढताहेत, आणि मला दोघांविषयी आदर आहे."

बायकोनेही पदर सारखा केला.

"पण तिसरा हात? इथे या, जवळ या. चार नंबरवर ही लाल पेन्सिलीची खूण. आता सात नंबरवर पाहा. तेच वळण, तोच दाब, शेपटीला तोच हिसका. आधी चारवर केली, मग सातवर. कारण तोवर टोक बोथट झालं आहे."

"म्हणजे हा हात दोघांनाही हो म्हणतो?" माळावाल्या बाईंनी विचारले.

"एकाच दिवशी. आणि दोन्हीकडे इतक्या बारीक खुणा, की वेळ आली तर 'मी नाही' म्हणता यावं. बाकीचे दोन हात सांगतात, मला हे हवं आहे. हा हात फक्त सांगतो, मला यातून वगळा. हा राजाचा हात नव्हे. हा कारकुनाचा हात आहे!"

प्रचंड टाळ्या पडल्या. वरिष्ठांच्या भाषणांना वाजवायची सवय असल्यामुळे कारकुनानेही वाजवल्या. मग त्याच्या लक्षात आले, की आपल्या डावी-उजवीकडे टाळ्या थांबल्या आहेत.

"सूनबाई," आई त्याच्या डोक्यावरून म्हणाली, "ती सातवरची खूण कुणाची म्हणून सांगितलं होतं तुला?"

"ती त्यांनी माझ्यासमोरच केली, आई. चारवरची रंगाऱ्याची म्हणाले."

"मला उलटं सांगितलं."

"चारवर कधी केली?"

"त्याच दिवशी. तू दुपारी काजे करत बसली होतीस तेव्हा."

"आणि सातवर दिवेलागणीला."

अकरा वर्षांत त्या दोघींमध्ये झालेले हे पहिलेच संभाषण, ज्यात साखर नव्हती. दोघी एकदम उठल्या आणि घरात गेल्या. कारकून उठला तो प्राध्यापकांच्या मागे धावला.

"सर! सर, एक मिनिट. ही कला नाही. नमुने आहेत. रंगाचे नमुने. रंग निवडायला लावतात ना, तसे. घर आमचं आहे. मनाई उठवा, मी आजच्या आज रंग देतो. कुठलाही देतो!"

प्राध्यापक करुणेने हसले. "थोर कृतीपाशी कुणीतरी असं म्हणणारा भेटतोच."

"अहो, त्या खुणा मी केल्यात! ही बघा पेन्सिल!" त्याने खिशातून लाल पेन्सिल काढून त्यांच्या नाकापुढे धरली.

प्राध्यापकांनी पेन्सिलीकडे पाहिले, मग त्याच्याकडे. "अशा पेन्सिली प्रत्येक कचेरीत असतात. श्रेय लाटायचा मोह मी समजू शकतो. पण लाटायचंच होतं, तर निदान पहिल्या दोन हातांपैकी एखादा तरी निवडायचा!"

सोमवारी महापालिकेकडून विचारणा आली: भिंत कायमस्वरूपी जतन करण्यास घरमालकाची संमती आहे काय? घर आईच्या नावावर होते. तिने सही केली, सुनेने साक्षीदार म्हणून खाली केली. खडू उडू नये म्हणून भिंतीवर पारदर्शक वार्निश चढवायचे ठरले आणि ते काम, भिंतीची माहिती असलेला माणूस म्हणून, त्याच रंगाऱ्याला मिळाले. पाटीवर आता प्राध्यापकांची तीन ओळींची टीप आली होती. तिसरी ओळ तिसऱ्या हाताविषयी होती. कचेरीत जाताना आणि येताना कारकुनाला ती वाचावी लागे. वाचली नाही तरी त्याच्या देखत दुसरे कुणीतरी मोठ्याने वाचीत असे.

वार्निश वाळत असताना दोघी पुढच्या खोलीत बसल्या होत्या. आतल्या भिंतींचा प्रश्न निघाला.

"फिकट हिरवा?" आई म्हणाली.

"थोडा आणखी फिकट," सून म्हणाली.

"चालेल."

पाच मिनिटेसुद्धा लागली नाहीत. रंगारी ब्रश पुसत दारात आला. "मग साहेबांना विचारून नक्की करू ना?"

कारकून पलीकडच्या खोलीत, दाराशी कान देऊन, उत्तर तयार करून उभाच होता.

"कशाला?" आई म्हणाली. "तो हो म्हणतो."