माझ्या दारातली पांढरी फुली

आमच्या दत्ताकाका परबांकडे कुणी गिटार घेऊन आलं की ते आधी तिची पत्रिका बघतात. म्हणजे कागद मागत नाहीत, पण प्रश्न तेच. जन्म कुठला? आधी कुणाच्या घरी होती? कधी पडली-आपटली आहे का? स्वभाव तापट की थंड? आलेला माणूस गोंधळतो. या जुन्या गिटारला साजेसा व्हॉल्व्हचा अँप्लिफायर करून मिळेल का, एवढंच त्या बिचाऱ्याला विचारायचं असतं. काका गिटार मांडीवर घेतात, तिच्या पोटावर टिचकी मारतात, कान लावतात आणि म्हणतात, "आठ दिवस राहू दे हिला इथे. जोडा जमला पाहिजे, नाहीतर जन्माची कटकट."

गिटार ही मुलगी, अँप्लिफायर हा नवरामुलगा आणि काका दोन्हीकडचे मध्यस्थ. काका तरुणपणी गिरणीत वायरमन होते. गिरणी गेल्यावर रेडिओ दुरुस्त केले, गणपतीत ऑर्केस्ट्रांचं साउंड सांभाळलं, आणि तेव्हापासून हे वेड लागलं. नवरेमुलगे ते घरीच घडवतात. जुन्या रेडिओतले काचेचे व्हॉल्व्ह, मोडीत निघालेल्या कपाटाच्या फळ्या, आणि स्पीकरच्या तोंडावर ताणून बसवायला साडीचा तुकडा. डिलाईल रोडच्या आमच्या चाळीतल्या अर्ध्या मजल्याच्या साड्या या कामी आल्या आहेत. माझी मोरपंखी वॉयलची साडी अशीच मला एक दिवस एका खोक्यावर दिसली.

"नवरदेवाला साडी नेसवलीत, काका?"

"साडी कसली? अंतरपाट आहे तो."



बरं, काकांना सगळ्या गिटार चालत नाहीत. भरीव लाकडाची गिटार कुणी आणली तर ते तिला पाणीसुद्धा विचारत नाहीत. त्यांचा जीव जुन्या, अर्ध्या पोकळ गिटारवर. "मध्ये ठोकळा, दोन्ही बाजूंना पोकळ," ते मला समजावायचे. "पूर्ण भरलेली नाय, पूर्ण रिकामी नाय. माणसासारखी." मी दिवसभर परळच्या एका हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरवर लोकांचे आरडेओरडे ऐकून आलेली असायचे. त्या वेळी मी पूर्ण रिकामी असायचे, पण ते त्यांना कशाला सांगा.

या अर्ध्या पोकळ मुलींचा एक दोष आहे. मोठ्या आवाजात अँप्लिफायरच्या जवळ नेलं की त्या हंबरायला लागतात. कुणी तार छेडलेली नसते, तरी अँप्लिफायरचा आवाज त्यांच्या पोकळ पोटात शिरतो, तिथून परत तारांत, तारांतून परत अँप्लिफायरमध्ये, आणि सगळी चाळ कानांत बोटं घालते. उपाय एकच, दोघांना लांब ठेवायचं. आता आमच्या चाळीच्या खोलीत लांब जायचं म्हणजे कुठे? दोन पावलांत भिंत. म्हणून काकांनी अँप्लिफायर खोलीत ठेवला, लांबलचक वायर दाराखालून काढली आणि स्वतः गिटार घेऊन पॅसेजमध्ये आले. दोन्ही बाजूंना खोल्या आणि मध्ये तो अंधारा पॅसेज. तिथे ते इंचाइंचाने सरकत राहिले. कुठे हंबरते, कुठे गप्प बसते, कुठे गाते याचा त्यांनी आठवडाभर शोध घेतला. शेवटी जागा सापडली. ती नेमकी माझ्या दारासमोर निघाली.

काकांनी तिथे ऑइलपेंटने पांढरी फुली मारली.

त्या फुलीवर मी किती वर्षं वैतागले असेन! संध्याकाळी पाय ओढत घरी यावं, तर दारात काका उभे. पट्टा गळ्यात, डोळे मिटलेले. "सुषमा, दोनच मिनिटं ऐक गो." ती दोन मिनिटं माझा डाळ-भात शिजेपर्यंत चालायची. वाजवणं म्हणाल तर काकांना एक अख्खं गाणं येत नाही. एक जाडी तार छेडायची, ती विझेपर्यंत थांबायचं, मग दुसरी. लाडक्या मुलाला हाक मारावी आणि तो येईपर्यंत वाट बघावी, तसं. थोड्या वेळाने शालूकाकी, म्हणजे काकांची बायको, चहाचे दोन कप घेऊन बाहेर यायची. एक काकांना, एक स्वतःला. बंद करण्यासाठी दिलेली ही लाच आहे असं आमच्या मजल्यावर सर्वांचं मत होतं.

शालूकाकीबद्दलही मजल्याचं मत होतं. भाव खाते. हाक मारली तर वळायची नाही. नळावर कुणी काही विचारलं तर नुसतं हसायची. कुणी जास्तच मागे लागलं तर काका मध्ये पडायचे. हळदीकुंकवाला येणार का? "तिला विचारून सांगतो." पापड लाटायला बसणार का? "तिला विचारून सांगतो." चाळीत लोक म्हणायचे, दत्ता बायकोला भलताच घाबरतो. मी एकदा तिला सांगितलं, माझा मामा गेला. ती हसून "बरा झाला" म्हणाली. महिनाभर मी तिच्याशी बोलले नाही, आणि तिला ते कळलंसुद्धा नाही याचा मला आणखी राग आला.

काका आवाज तपासायला लागले की ही आपली तांदूळ निवडायला सूप घेऊन त्या अँप्लिफायरच्या खोक्याला पाठ लावून बसायची. त्यांच्या त्या अंतरपाटाकडे पाठ! आम्हांला वाटायचं, हा तिचा सत्याग्रह आहे.

मग नेव्हिलचं प्रकरण झालं. नेव्हिल दादरला राहतो, ऑफिसात नोकरी करतो, रविवारी चर्चमध्ये गिटार वाजवतो. वडिलांची जुनी अर्धी पोकळ गिटार घेऊन तो आला. त्या वेळी काकांकडे दोन नवरेमुलगे उपवर होते. एक माझ्या मोरपंखी साडीचा. त्याचा आवाज इतका गोड की संध्याकाळी भाजी चिरता चिरता मीसुद्धा थांबले होते. दुसरा तपकिरी साडीचा. अंगाने थोराड आणि आवाजाने घुम्या. तो लागला की फडताळातली भांडी वाजायची.

"मोरपंखी घेऊन जा," काका नेव्हिलला म्हणाले. "पोरीला सुखात ठेवील."

"आणि तुमच्या गिटारला?"

"तपकिरी."

नेव्हिल हसला. त्याला वाटलं, थट्टा आहे. "काका, क्या बोलताय? एवढा बेस! तुमची गिटार पण पोकळ आहे. ती जाम बोंबलणार. हा तर सगळ्यात खराब मॅच आहे."

"जोडा जमलाय," काका म्हणाले, त्यांनी जाडी तार छेडली आणि आत बघितलं. काकी तपकिरी खोक्याला टेकून तांदूळ निवडत होती. तिने मान वर न करता एकदा हलवली.

"एवढा शहाणा माणूस स्वतःच्या घरी असा कसा चुकला?" नेव्हिल जाताना मला म्हणाला. मी म्हटलं, लग्नं जमवणाऱ्यांचं असंच असतं.

पुढे आमची चाळ पाडायला निघाली आणि आम्हांला टॉवरमध्ये घरं मिळाली. लॉटरी होती. मी मनात म्हटलं, आता तरी सुटका. चिठ्ठी निघाली, चौदावा मजला, दत्ताकाका परब समोरच्या दारात. नशीब कुणाला चुकतं? नव्या घरी सामान लावून मी दमून बसले होते, तर लॉबीत काका. गळ्यात पट्टा, पायात वायर, चकचकीत लाद्यांवर इंचाइंचाने सरकतायत.

चाळीत हे खपलं. टॉवरात माणसं वेगळी झाली नव्हती, पण लाद्या वेगळ्या झाल्या होत्या. शेजारचे मोरे चाळीत काकांच्या वायरीवरून रोज उडी मारून कामाला जायचे, त्यांनीच सभेत तक्रार केली. लॉबी सर्वांची आहे, कुणी वायरीत अडकून पडलं तर जबाबदार कोण? आता सोसायटीची सेक्रेटरी मी. हौस म्हणून नाही, दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून. मी काकांना सांगितलं, "लॉबीत उभं राहायचं नाही. घरात वाजवा."

मला वाटलं वाद घालतील. काका नुसतं "बरं" म्हणाले आणि वायर गुंडाळत आत गेले.

मग घरातून हंबरणं सुरू झालं. एकदा जोरात, की लगेच बंद. काका कधी स्वयंपाकघरात उभे राहून बघत, कधी मोरीत. आवाज वाढवला की गिटार हंबरायची, कमी केला की ऐकूच यायची नाही. नेव्हिलने फोनवर सुचवलं, गिटारच्या पोटाच्या भोकांत कापड कोंबा. काका म्हणाले, "मुलीच्या तोंडात बोळा? आमच्यात पद्धत नाय." काही दिवसांनी ते हंबरणंही थांबलं. लिफ्टपाशी काका भेटले तेव्हा मान खाली घालून म्हणाले, "सुषमा, अर्धाच तास लॉबीत..." मी म्हटलं, "काका, नियम सगळ्यांना सारखा." मला तेव्हा शांतता हवी होती, आणि ती मिळाली होती.

एका रविवारी दुपारी पाण्याची टाकी धुणार म्हणून सांगायला मी त्यांच्याकडे गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. टकटक केली आणि ते ढकललं. आत काकी दाराकडे तोंड करून, तपकिरी खोक्याला टेकून बसली होती. तिने डोळेही उघडले नाहीत. काका पाठमोरे स्वयंपाकघराच्या ओट्याशी गिटार घेऊन उभे. त्यांनी जाडी तार छेडली. अगदी बारीक आवाज आला.

काकीने मान हलवली. "नाय लागत."

काकांनी बटण पिळलं आणि पुन्हा छेडली. गिटार हंबरली. त्यांनी घाईने तारांवर पंजा ठेवला.

"ऱ्हवांदे," काकी म्हणाली. तिने मागे हात नेऊन खोक्यावरून फिरवला, अगदी माणसाच्या पाठीवरून फिरवावा तसा. "ऱ्हवांदे आता. दमलात."

मी तिथेच उभी राहिले. काकांनी वळून बघितलं तेव्हा त्यांना दारात मी दिसले. ते लॉबीत आले, दार ओढून घेतलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"चाळीत होतो तेव्हापासूनच. आधी एक कान, मग दुसरा. यंत्र आणलं होतं कानातलं. ते पण गिटारसारखंच हंबरायचं. बडीशेपच्या डब्यात टाकलंन तिने." काका थोडं हसले. "ओठ बघून समजते तिला, समोर तोंड असेल तर. पण कुणाला सांगायचं नाय म्हणते. बहिरी म्हटलं की लोक ओरडायला लागतात, बोलत नाहीत."

"म्हणून ते तपकिरी खोकं."

"कानाला गोड तो मोरपंखीच गो. मला काय कळत नाय? पण तो पाठीला लागत नाय. हा घुम्या लागतो. पाठीतून पार छातीपर्यंत जातो म्हणते. मी तिकडून तार छेडायचो, तिला समजायचं, हा आहे बाहेर. सगळ्यांचे आवाज गेले, सुषमा. माझा एक राहिला होता."

 टाकीचं सांगायचं राहून गेलं. वर्षानुवर्षं माझ्या दारात हा माणूस बायकोशी बोलत होता आणि मी त्या बोलण्याला गोंगाट समजून कुकरच्या शिट्टीत तो बुडण्याची वाट बघत होते.

संध्याकाळी मी त्यांना हाक मारली. "काका, लॉबीत उभं राहायचं नाही म्हणजे नाही. माझ्या हॉलमध्ये उभे राहा."

"आणि वायर?"

"वायर लॉबीतून जाऊ दे अर्धा तास. मी स्टूल टाकून बसते तिच्याजवळ."

काका माझ्या हॉलमध्ये सरकत राहिले. टीव्हीसमोर हंबरली, सोफ्यापाशी गप्प झाली, आणि खिडकीच्या अलीकडे गायला लागली. मी देवघरातली रांगोळी आणली आणि त्यांच्या पायांजवळ फुली काढली. मग लॉबीत वायरीजवळ स्टूल टाकून बसले, तोच मोरे लिफ्टमधून उतरले. वायरीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "माझं केबलचं काम चाललंय." मोऱ्यांनी ती सवयीची उडी मारली आणि घरी गेले.

काकांनी जाडी तार छेडली आणि थांबले. समोरच्या उघड्या दारातून, साऱ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात काकी ओरडली, "अहो, जाडी तार उतरली हा!"

काकांनी डोळे पुसले आणि खुंटी पिळली.

थोड्या वेळाने काकी लॉबी ओलांडून आली. हातात ताट होतं आणि ताटात या वेळी तीन कप होते. एक तिने माझ्यासमोर धरला आणि माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. मला कळलंय, हे तिला कळलेलं होतं. मी ओरडले नाही. तिच्याकडे तोंड करून नेहमीच्या आवाजात विचारलं, "काकी, साखर किती घातली?"

"गोड आसा," ती म्हणाली. "बस. रोज दमून येतंस."