उपाशी डोळ्यांचे मानकर

मानकरसाहेब गिरगावातल्या घरापासून परळच्या आमच्या इस्पितळापर्यंत लाल काचांचा चष्मा लावून येत. संयुक्त महाराष्ट्राचे ते दिवस. रस्त्यात एखादा मोर्चेवाला त्यांना बघून ओरडे, "कॉम्रेड, संध्याकाळी सभेला या!"

"सभा काळोखात आहे का?" साहेब विचारत. "असली तर येतो."

ते कॉम्रेड नव्हते, आमच्या प्रयोगशाळेतले जुने तंत्रज्ञ होते. रोग्याला शिरेतून एक पिवळा रंग टोचायचा. तो कर्करोगाच्या गाठीत जास्त साचतो आणि काळोखात जांभळ्या दिव्याखाली हिरवट चमकतो. ती चमक ओळखायची साहेबांनी. लाल चष्म्यामुळे डोळे काळोखाला सरावलेले राहतात.

"उजेड खाऊन आलेले डोळे काय बघणार? डोळे उपाशी ठेवा, बीएस्सी!"

बीएस्सी म्हणजे मी. मंगळवेढ्याहून आलेला, घराण्यातला पहिला पदवीधर. पण बघायचं कसं, ते मला या मॅट्रिक झालेल्या माणसाने शिकवलं.

पत्नी गाठीच्याच आजाराने गेल्यापासून ते डबा आणत नसत. माझ्यातलं खात, तेही चष्म्यासकट. लाल काचेतून तांबडा रस्सा पांढरा दिसे. "सपक दिसतोय," म्हणत ओरपत आणि मग तांब्याभर पाणी पीत. रोज!

एकदा लालबागच्या एका गिरणीकामगार बाईंच्या छातीतली गाठ काढायची होती. "काळोख झालाच पाहिजे!" साहेबांनी दारातूनच घोषणा दिली. दिवे मालवले, जांभळा लावला, साहेबांनी चष्मा काढला. गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, "झालं. शिवू या."

"थांबा. काखेकडे अजून आहे. तिळाएवढं."

"मानकर, रंग चांगल्या मांसातही उतरतो. मला काही दिसत नाही."

"तुम्ही उजेड खाऊन आलात, डॉक्टर."

कुणी हसलं नाही. तेवढा तीळ राहिला, तर बाईंची गाठ पुन्हा वाढणार होती. डॉक्टरांनी सुरी मागितली.

दोन दिवसांनी सूक्ष्मदर्शकाखाली कळलं, तीळ रोगाचाच होता. मी धावत साहेबांच्या काळोख्या खोलीत गेलो. "साहेब, बरोबर निघालं तुमचं!"

"बरं झालं," ते म्हणाले. मग, "आमच्या हिच्या वेळी 'थांबा' म्हणायला कुणी नव्हतं हो."

मी शेजारी बसून राहिलो. हळूहळू दिसू लागलं. साहेबांनी लाल चष्मा चढवला होता. काळोखात त्याची काहीच गरज नसते.